जुना कॉम्बिनेशन रंधा घेताना आणि शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पोटापाण्यासाठी सुतारकाम करत नाही, शनिवार-रविवारचा सुतार आहे. घरात दोन जुने कॉम्बिनेशन रंधे आहेत. त्यातला एक शहाणपणाने घेतला, दुसरा मोहाने. त्यांचे फोटो पाहिल्यापासून लोक प्रश्न पाठवतात आणि बहुतेक प्रश्न फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉम्बिनेशन रंधा म्हणजे नेमकं काय? आपल्या मिस्त्रीकडच्या रंध्यापेक्षा तो वेगळा कसा?

मिस्त्रीचा नेहमीचा रंधा फळी सपाट करतो. खाच पाडायला, कडेला पायरी काढायला, कंगोरा काढायला पूर्वी प्रत्येकी वेगळा लाकडी रंधा असायचा, म्हणजे एका रंध्याला एक काम. कॉम्बिनेशन रंध्यात अंग एकच राहतं आणि पातं बदलतं.

त्याचे मुख्य भाग तीन. मूठ असलेलं मुख्य अंग, त्यातून आडव्या जाणाऱ्या दोन दांड्यांवर सरकणारा दुसरा भाग, आणि त्याच दांड्यांवर बसणारी फेन्स. ही फेन्स फळीच्या कडेला टेकून रंध्याला सरळ ठेवते. शिवाय खोली ठरवणारा स्टॉप असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या रंध्याला तळच नसतो. दोन्ही भागांखाली एकेक पातळ तळपट्टी असते, तेवढाच आधार. नेहमीच्या रंध्याचं तोंड पात्याच्या पुढचं लाकूड दाबून धरतं, इथे ते तोंडही नाही. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

आमच्या इमारतीत काम करणाऱ्या मिस्त्रींनी माझा रंधा पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले, "साहेब, हे शिलाई मशीन उलटं धरलंय का?"

२. "एका रंध्यात सात रंधे" असं जुन्या जाहिरातीत वाचलं. हे खरं आहे का?

अर्धं खरं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यू ब्रिटन नावाचं गाव आहे. तिथल्या स्टॅन्ले कंपनीने क्रमांक ४५ चा रंधा १८८० च्या दशकात बाजारात आणला. त्यामागे जस्टस ट्रॉट या त्यांच्या संशोधकाची पेटंटं होती. हा रंधा १९६२ पर्यंत बनत राहिला, म्हणजे जाहिरात फुकट गेली नाही.

पण माझं मत स्पष्ट आहे. हा उत्तम खाच-रंधा आहे आणि त्याला बीडिंगही (कडेची गोलसर नक्षी) छान जमतं. बाकीची कामं तो करतो, पण प्रत्येक काम त्यासाठीच बनवलेल्या रंध्याहून थोडं वाईट करतो. खाच आणि बीडिंगसाठी घेतलात तर वर्षानुवर्षं खूश राहाल. पेटीतली नक्षीदार पाती बघून घेतलात तर तो वर्षभरात माळ्यावर जाईल.

३. ४५, ५५, ४०५, ०५० हे आकडे काय आहेत? पहिला कोणता घेऊ?

स्टॅन्ले ४५ हा मूळ नमुना, वजन जवळपास चार किलो. स्टॅन्ले ५५ त्याचा थोरला भाऊ. तो १८९७ मध्ये आला, पन्नासहून जास्त पाती आणि दोन फेन्स घेऊन. त्याचा सरकता भाग वर-खालीही होतो, त्यामुळे वेड्यावाकड्या कंगोऱ्यालाही आधार देता येतो. कागदावर अद्भुत वाटतं. प्रत्यक्षात सगळे स्क्रू जुळवेपर्यंत चहा दोनदा गार होतो.

रेकॉर्ड ४०५ ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीची, १९३० च्या दशकापासूनची. ४५ चीच इंग्रजी आवृत्ती म्हणा, बनावट उत्तम. रेकॉर्ड ०५० त्यापेक्षा लहान आणि हलका. त्याच वळणाचा स्टॅन्ले ५० अमेरिकेत होता, पुढे ब्रिटिश स्टॅन्लेने १३-०५० या क्रमांकानेही असा रंधा काढला.

पहिला घ्यायचा तर ०५० किंवा त्याच्या जातीचा. हलका असल्याने हात लवकर बसतो आणि खाच-बीडिंगला पुरतो. ४५ पूर्ण भागांसह मिळत असेल तर तोही घ्या. ५५ पहिला रंधा म्हणून कधीही घेऊ नका.

४. माझ्याकडे इलेक्ट्रिक राऊटर आहे. मग हा कशाला?

पन्नास फूट खाच पाडायची असेल तर राऊटरच वापरा. एका खणाच्या चार फळ्यांना खाच हवी असेल आणि शेजारच्या घरात बाळ झोपलं असेल, तर रंधा. भुश्याची धूळ हवेत उडत नाही, नुसती लांब सालपटं जमिनीवर पडतात. फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

५. महाराष्ट्रात असा रंधा मिळतो का?

मिळतो, पण ठरवून जाल तर नाही मिळणार. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही दोन ठिकाणं मी फिरतो. इंग्रजी बनावटीची रेकॉर्ड आणि स्टॅन्लेची हत्यारं तिथे अधूनमधून दिसतात. साधे सपाटीचे रंधे जास्त, कॉम्बिनेशन क्वचित. दिसलाच तर बहुधा अर्धा असतो. मुख्य अंग एका ढिगात, फेन्स दुसऱ्या ढिगात, पाती कुणीतरी पटाशी म्हणून विकलेली. दुकानदाराला विचारताना नाव सांगू नका, फोनवरचा फोटो दाखवा. अमेरिका किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांना हे सोपं जातं, कारण तिथे जुन्या हत्यारांचे जाणकार विक्रेते आहेत. परदेशातून मागवायचं असेल तर प्रश्न ८ बघा.

६. विकत घेण्याआधी काय काय तपासायचं?

किंमत विचारण्याआधी भाग मोजा. मी हे केलं नाही. माझा मोहाचा रंधा मी निकेलची चमक बघून घेतला. घरी आल्यावर कळलं, लांब दांडे नाहीत आणि सरकता भाग दुसऱ्याच मॉडेलचा आहे. विकणाऱ्याने फसवलं असं म्हणणार नाही, त्यालाही माहीत नसावं. माहीत मला असायला हवं होतं.

आधी तडे बघा. अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. पडलं की वाकत नाही, तडकतं. मुठीच्या मुळाशी, दांडे जातात त्या भोकांभोवती आणि फेन्सच्या कोपऱ्यांत नीट बघा. वेल्डिंगचा ओघळ किंवा पितळी रंगाची रेघ दिसली तर रंधा एकदा मोडून जोडलेला आहे. तसा रंधा शोभेला ठेवायला ठीक.

मग दांडे. ४५ सोबत आखूड आणि लांब अशा दोन जोड्या येत. आखूड जोडी असली तरी चालतं. दांडा सरळ आहे ना हे काचेवर लोळवून बघा. सरकता भाग आणि फेन्स दांड्यांवर न अडखळता सरकायला हवेत. थोडा गंज असेल तर हरकत नाही, पण वाकडेपण नको.

फेन्सवरची लाकडी पट्टी जुनी असली तरी सपाट हवी. नसेल तर ती नवीन करता येते, अवघड नाही.

तळपट्ट्या रुळासारख्या सरळ हव्यात. स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरा. पुढचा आणि मागचा अर्धा भाग एका रेषेत नसेल तर खाच कधीच सरळ येणार नाही, आणि हे घरी दुरुस्त होत नाही.

स्टॉप, तो घट्ट करणारे स्क्रू, आडवी खाच कापणाऱ्या छोट्या काट्यासारख्या पात्या (त्यांना स्पर म्हणतात, जुन्या ४५ वर त्या त्रिदळी पानासारख्या दिसतात), पातं घट्ट करणारा बोल्ट आणि पातं वर-खाली करणारा स्क्रू, हे सगळं हाताळून बघा. एखादा स्क्रू नवीन चकचकीत दिसला तर तो मुद्दाम काढून बघा. स्टॅन्लेचे कित्येक आटे आजच्या मेट्रिक स्क्रूंशी जुळत नाहीत, त्यामुळे कुणीतरी जबरदस्तीने फिरवून आटे खाल्लेले असतात.

शेवटी पाती. पेटी भरलेली आहे याचा अर्थ ती त्याच रंध्याची आहेत असा नाही. पहिल्या काळातल्या ४५ ला पातं हलवणारा स्क्रू नव्हता, म्हणून त्या पात्यांना मागे खाच नसते. नंतरच्या रंध्याला खाच असलेलीच पाती लागतात. ०५० आणि ४५ ची पाती एकमेकांत चालतात असंही गृहीत धरू नका, घेताना बसवून बघा.

७. एखादा भाग नसेल तर घेऊ की सोडू?

स्लिटर, म्हणजे फळी चिरायचं उभं पातं, नसेल तर काही बिघडत नाही. तो मी आयुष्यात दोनदा वापरला, दुसऱ्यांदा केवळ फोटो काढायला. खोलीचा स्टॉप नसेल तर थोडी घासाघीस करा. पण स्टॉपशिवाय दोन खणांच्या खाचा एकसारख्या खोल येणार नाहीत हे ध्यानात ठेवा. सरकता भाग नसेल तर अरुंद खाचा तरीही होतील (प्रश्न १४ बघा), बीडिंग होणार नाही. फेन्स नसेल तर सोडा, दांडे नसतील तरी सोडा. सुटे भाग जमवत बसलात की त्यांच्या एकत्रित किमतीत पूर्ण रंधा आला असता.

८. अमेरिकेतल्या भावाला बॅगेतून आणायला सांगितलं तर चालेल का?

चालेल, पण चेक-इन बॅगेतच. पाती हातातल्या सामानात नेता येत नाहीत. चार किलो वजन आणि वर पात्यांची पेटी, म्हणजे भावजयीच्या सामानातलं काहीतरी मागे राहणार. तो हिशोब आधी करा.

पार्सलने मागवत असाल तर कस्टम ड्युटी धरा. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. जुन्या स्टॅन्लेची मूठ आणि फेन्सची पट्टी रोजवूडची असते, पुष्कळदा ब्राझिलियन रोजवूडची. या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून साइट्स कराराचे कडक निर्बंध आहेत. विक्रेत्याला आधीच विचारा. तो पट्टी काढून पाठवायला तयार असेल तर इथे शिसवीची करून घेता येते.

भाऊ आणताना पाती जाड पुठ्ठ्यात गुंडाळायला लावा, आणि दांडे काढून ठेवायला. जोडलेल्या स्थितीत बॅग आपटली तर बीड तडकण्याची भीती जास्त.

९. गंज कसा काढायचा? निकेलची चमक परत येईल का?

आधी सगळं सुटं करा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. आटे अडकले असतील तर रॉकेल सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशीही हट्ट करत असतील तर आणखी एक रात्र. पाना लावून जोर करू नका.

निकेल चढवलेले भाग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू नका, निकेल सुटून पापुद्रे पडतात. पितळी ब्रश आणि थोडं तेल एवढं पुरे. जिथे निकेल गेलं आहे तिथली चमक पॉलिशने परत येत नाही, नवीन मुलामा चढवावा लागतो. काळा लेप असलेल्या जुन्या रंध्याला रंग देऊ नका. जाणकार लगेच ओळखतात आणि किंमत पडते.

घासताना एकच जागा जपा, तळपट्ट्या. तिथे जाड पॉलिश पेपर लावलात तर कडा गोल होतील.

१०. पात्यांना धार कशी लावायची? नक्षीदार पात्यांचं काय?

सरळ पात्याला नेहमीसारखी. आधी पाठ सपाट करा, मग उतार. तीस ते पस्तीस अंश ठेवा. तोंड नसलेल्या रंध्यात पात्याला आधार कमी मिळतो, म्हणून फार पातळ धार लवकर तुटते. कार्बोरंडमचा दुहेरी दगड, त्यानंतर काचेवर चिकटवलेला बारीक वॉटर पेपर, इतकं साहित्य पुरतं. धार काटकोनात आहे ना हे गुण्याने बघा. या रंध्यात पातं तिरकं करण्याची दुसरी सोय नाही, धार तिरकी असेल तर खाचेचा तळही तिरका.

बीडिंगचं पातं आतून गोल असतं. उतार घासायला गोल लाकडी दांडी घ्या, पात्याच्या गोलाईहून किंचित बारीक, आणि तिच्यावर वॉटर पेपर गुंडाळा. पाठ दगडावर सपाट. दोन्ही टोकांची उंची सारखी राहिली पाहिजे. घाईत एक टोक जास्त घासलं गेलं तर कंगोरा एकीकडे खोल जातो. हे मी केलं आहे, त्या पात्याने आता पेंटचे डबे उघडतो.

पहिल्याच दिवशी सगळ्या पात्यांना धार लावायला बसू नका. पाव इंचाचं एक पातं नीट करा आणि प्रश्न ११ कडे वळा.

११. पहिली खाच पाडायची आहे. सुरुवात कशी करू?

खोक्याच्या पाईनची एक सरळ, बिनगाठीची फळी घ्या, दोनेक फूट लांब. सागवानाने सुरुवात करू नका, कारण प्रश्न १३ मध्ये आहे. फळी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा आणि कड रंधून सरळ करा. फेन्स या कडेवरच चालणार, म्हणजे कड वाकडी असेल तर खाचही वाकडी.

पाव इंचाचं पातं बसवा. पात्याची उजवी कड मुख्य तळपट्टीच्या बाहेर अगदी केसभर यायला हवी, नाहीतर तळपट्टीची बाजू खाचेच्या भिंतीला घासते आणि रंधा अडकतो. नखाने चाचपून बघा, पात्याची कड नखाला लागली पाहिजे. मग सरकता भाग पात्याच्या डाव्या कडेजवळ आणा. त्याची तळपट्टी पात्याच्या आत हवी, बाहेर नको.

फेन्स बसवताना पात्यापासूनचं अंतर पुढे आणि मागे, दोन्हीकडे मोजा. इथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी रंधा पाचरीसारखा अडकत जातो. मी स्टीलची पट्टी घेऊन प्रत्येक वेळी दोन्हीकडे मोजतो, इतक्या वर्षांनीही.

पातं अगदी थोडं बाहेर काढा. पहिल्या सालपटातून पलीकडचं दिसलं पाहिजे. तळपट्ट्यांवर आणि फेन्सवर मेणबत्ती घासा.

आता रंधा फळीच्या पुढच्या टोकाला ठेवा, तुमच्यापासून लांब. शेवटच्या बोटभर लांबीत एक छोटा हात मारा. मग थोडं मागे येऊन पुन्हा पुढपर्यंत. असं मागे मागे सरकत फळीची पूर्ण लांबी घ्या. ज्या टोकाला रंधा बाहेर पडतो तिथे खाच आधीच तयार झालेली असते, म्हणून पातं भरकटत नाही. पूर्ण लांबीची खाच दिसू लागली की सलग हात मारा.

दोन हातांची कामं वेगळी. उजव्या हाताने फक्त पुढे ढकलायचं, डाव्या हाताने फक्त फेन्स फळीला दाबून धरायची. नवशिके दोन्ही हातांनी खाली दाबतात आणि रंधा कलतो. स्टॉप लाकडाला टेकला की पातं आपोआप कापणं थांबवतं. शेवटी रिकामा सरकतो तो आवाज कानाला लगेच कळतो.

१२. खाच सरळ येते पण भिंती तिरक्या असतात. का?

रंधा कलतोय म्हणून. फेन्सची पट्टी जितकी खोल तितका कल कमी, म्हणून मूळ पट्टीवर दोन स्क्रूंनी लाकडाची रुंद पट्टी जोडा. बऱ्याच फेन्सना त्यासाठी भोकं असतात. शेगड्याची उंचीही बघा. कोपर पोटाजवळ येण्याइतकी फळी उंच असेल तर मनगट वळतं.

१३. लाकूड उपटून येतं. सागवानात तर जास्तच. काय चुकतंय?

बहुधा दिशा. लाकडाचा धागा उलटा असेल तर पातं त्याच्याखाली शिरतं आणि लाकूड उचकटतं. नेहमीच्या रंध्याचं तोंड अशा वेळी वाचवतं. इथे तोंड नाही, हे प्रश्न १ मध्ये आलंच आहे. फळी उलटी फिरवून बघा असं म्हणणं सोपं, पण फेन्स फळीच्या समोरच्या बाजूलाच चालवायची असते, त्यामुळे दिशा मनासारखी बदलता येत नाही. म्हणून समोरची बाजू ठरवतानाच धागा बघून घ्या. खाच पडल्यावर धागा बघण्यात अर्थ नाही.

सागवानाचा त्रास निराळा. त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. पाईनमध्ये दिवसभर चालणारं पातं सागाच्या दोन-तीन फळ्यांतच बोथट होतं. सागात काम करताना प्रत्येक फळीनंतर धार बघा, सालपट पातळ ठेवा आणि शक्यतो बिनगाठीची, सरळ धाग्याची फळी निवडा. स्टीम बीच (वाफवलेलं बीचचं लाकूड) चांगलं वागतं. बाभळीच्या वाट्याला मी गेलो नाही, जाणारही नाही.

गाठीवरून रंधा नेऊ नका. आधी पटाशीने गाठीतली खाच मोकळी करा.

१४. पाती इंचात आहेत. ६ मिमी प्लायचा तळ खणात बसवायचा तर कोणतं पातं?

इथे आपल्या मिस्त्रींची भाषा कामाला येते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, आणि जुनी पाती बहुतेक अशीच सूत-दीड सूत-दोन सुताच्या मापांत आहेत. शेफील्डवाल्यांना कल्पना नसेल, पण त्यांनी कोकणातल्या सुताराला सोयीची पेटी बनवली.

दोन सूत म्हणजे ६.३५ मिमी. बाजारात ६ मिमी म्हणून मिळणारं प्लाय पुष्कळदा त्याहूनही पातळ निघतं, त्यामुळे दोन सुताच्या खाचेत ते खुळखुळतं. उपाय दोन. दीड सुताचं (४.८ मिमीच्या आसपासचं) पातं घेऊन खाच पाडा आणि प्लायची कड खालच्या बाजूने रंधून तिच्यात बसवा. किंवा तेच पातं दोनदा वापरा, दुसऱ्यांदा फेन्स किंचित सरकवून. मी पहिला मार्ग घेतो, दुसऱ्यात फेन्स समांतर ठेवायची कसरत दोनदा होते.

दोन सुतांहून अरुंद पात्याला सरकत्या भागाची जागाच नसते, तो काढून ठेवा. अशा वेळी एकाच तळपट्टीवर काम चालतं, म्हणून सालपट आणखी पातळ.

प्लायमध्येच खाच पाडायची असेल तर हा रंधा वापरू नका. आडव्या थरात लाकूड फाटतं आणि डिंकाच्या थराने धार जाते.

१५. कडेला बीडिंग काढायचं आहे. काय वेगळं करावं लागतं?

इथे शब्दांची गंमत आहे. रंधा बिडाचा आणि त्यातून निघतं ते बीडिंग. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

बीडिंगच्या पात्याला दोन टोकं आणि मध्ये गोलाई असते. कडेच्या बीडिंगला आतलं टोकच कापायला हवं, बाहेरचं नको. म्हणून फेन्स पात्याखाली सरकवून बाहेरचं टोक तिच्या पट्टीवर झाकायचं. फेन्सला दांड्यांसाठी भोकांचे दोन संच असतात. वरच्या संचात दांडे घातले की फेन्स खाली लोंबते आणि पात्याखाली जाते. हे माहीत नसल्यामुळे लोक "माझी फेन्स पात्याला आपटते" असं लिहितात.

बाकी सुरुवात प्रश्न ११ सारखीच, पुढच्या टोकाकडून मागे. फळीचा धागा इथे खाचेपेक्षाही जास्त महत्त्वाचा, कारण खाच पॅनेलखाली लपते आणि बीडिंग पाहुण्यांच्या डोळ्यासमोर असतं. गोलाई पूर्ण भरली की थांबा. आणखी एक हात मारला की बीडिंगचा माथा सपाट होतो.

१६. दोन फळ्या खाच आणि जीभ काढून जोडायच्या आहेत. जीभ मधोमध येत नाही.

मधोमध यायची गरजच नाही. दोन्ही फळ्यांवर समोरच्या बाजूला खूण करा आणि खाच असो की जीभ, फेन्स नेहमी त्याच बाजूला टेकवा. मग मधोमध नसली तरी समोरची बाजू सपाट मिळते. आधी खाच पाडा, मग टाकाऊ तुकड्यावर जीभ काढून तिच्यात बसवून बघा. जिभेच्या पात्याला स्वतःचाच छोटा स्टॉप असतो, तो विसरू नका.

१७. धाग्याला आडवी खाच, म्हणजे कपाटाच्या फळीसाठी, पाडता येते का?

येते. त्यासाठीच स्पर असतात. त्या पात्याच्या दोन्ही कडांच्या रेषेत खाली आणा. पातं पोहोचण्याआधी त्या धागे कापतात, त्यामुळे कडा फाटत नाहीत. पहिले दोन हात मागे ओढून मारा, नुसत्या चिरा पडतील. मग पुढे ढकला.

खाच कडेपासून लांब असेल तर फेन्स पोहोचत नाही. ती काढून टाका, फळीवर एक सरळ लाकडी पट्टी क्लॅम्पने घट्ट धरा आणि रंधा तिच्या कडेने चालवा. रंधा ज्या कडेने बाहेर पडतो तिथे टाकाऊ तुकडा लावा, नाहीतर शेवटी ढलपी उडते. काम संपलं की स्पर वर घ्या. त्या खाली राहिल्या तर पुढच्या साध्या खाचेत उगीच दोन चिरा दिसतात.

१८. चौकटीला पताम (कडेची पायरी) काढता येईल का?

येईल. रुंद पातं लावा आणि फेन्सवर जोडलेली लाकडी पट्टी पात्याखाली इतकी सरकवा की पतामाच्या रुंदीएवढंच पातं उघडं राहील. सोय अशी की रुंदीचं नेमकं पातं नसलं तरी चालतं. पण रोज पताम काढणाऱ्याने त्यासाठीचा वेगळा रंधाच घ्यावा. इथे रुंद पातं थरथरतं.

१९. खाच मध्येच थांबवायची आहे, टोकाला दिसायला नको. कशी?

या रंध्याने नाही. पात्याच्या पुढे आणि मागे लांब तळपट्टी असते, ती खाचेत शिरल्याशिवाय पातं खाली जातच नाही. पटाशीने पाडा, किंवा खाच सरळ आरपार काढा आणि टोकाला त्याच लाकडाचा तुकडा डिंकाने बसवा. खणाचा सांधा असा आखता येतो की टोकाची खाच सांध्यातच लपते. ते सगळ्यात बरं.

२०. गोल टेबलाच्या कडेला बीडिंग?

फेन्स सरळ, कड गोल, जमत नाही. स्टॅन्लेने यासाठी क्रमांक ६६ चं हाताने ओढायचं वेगळं हत्यार काढलं होतं. तेही शोधत बसू नका. जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा हवा त्या आकारात घासा, लाकडाच्या इंग्रजी एल आकाराच्या ठोकळ्यात चिरून बसवा आणि ओढत ओढत लाकूड खरवडा. अर्ध्या तासात तयार होतं.

२१. पावसाळ्यात गंज लागू नये म्हणून काय लावू? खोबरेल चालेल?

खोबरेल पुण्याच्या थंडीत थिजतं आणि आट्यांत बसतं. नको. शिलाई मशीनचं पातळ तेल फडक्याने पुसून लावा, जास्त नको, हात लावल्यावर नुसतं जाणवेल इतकं. पाती एकमेकांना टेकू देऊ नका. लाकडी पेटीत जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरते, म्हणून कोकणात राहणाऱ्यांनी पाती प्लास्टिकच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत. बुटांच्या खोक्यातल्या त्या पुड्या मी गोळा करतो, घरात हा विनोदाचा विषय आहे.

२२. मी डावखुरा आहे. चालेल का?

४५ आणि त्याची सगळी भावंडं उजव्या हातासाठी बनवली आहेत. मूठ, फेन्स आणि पात्याची बाजू, सगळं तसंच. डावखुरे मित्र उजव्या हाताने शिकले आहेत. पहिला आठवडा वैतागाचा, मग हात वळतो, कारण उजव्या हाताला नुसतं ढकलायचं असतं आणि नाजूक काम, म्हणजे फेन्स धरून ठेवणं, डाव्याकडे येतं. एका डावखुऱ्या मित्राची फेन्स माझ्याहून स्थिर असते, हे मला मान्य करावं लागलं. तरीही नको असेल तर कॅनडातल्या व्हेरिटासचा लहान खाच-रंधा डाव्या हाताच्या आवृत्तीतही मिळतो. तो जुना नाही, पण खाच पाडायला जुनेपणा लागत नाही.